कॅमेरा घ्यायचा की फोनवरच भागवायचं? घरी बसून ठरवायची पद्धत

दिवाळीचा बोनस आला, घरात मुंज ठरली, किंवा कुणी लडाखची तिकिटं काढली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "कॅमेरा कोणता घेऊ रे?" बजेटही सांगून टाकतात, ४०-५० हजार. फोन मागच्याच वर्षी घेतलेला असतो आणि तोही चांगल्यापैकी असतो. मी मॉडेल सांगत नाही. उलट विचारतो की फोनला न जमलेले तुझे ५ फोटो दाखव. बहुतेकांना ते दाखवता येत नाहीत आणि विषय तिथेच संपतो, पण काहीजण खरंच दाखवतात, आणि त्यांनी कॅमेरा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तर आपण यातल्या कुठल्या गटात बसतो ते दुकानात न जाता, यूट्यूबवरचे तुलनेचे व्हिडिओ न बघता कसं ठरवायचं ते खाली लिहितोय.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय "कॅमेरा मेला" आणि "फोनला कॅमेऱ्याची सर नाही" हे दोन्ही अर्धवट दावे का आहेत ते कळत नाही. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या सिपा या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले आणि २०२३ साली साधारण ७७ लाख. म्हणजे जवळपास सगळा धंदाच गेला, पण गेला कुणाचा ते बघा. गेले ते मुख्यतः खिशात मावणारे छोटे कॅमेरे, आपण लग्नाला आणि सहलीला न्यायचो, मनगटात दोरी अडकवून, ते. त्यांचा सेन्सर (उजेड टिपणारी आतली चिप) जवळपास फोनएवढाच, वर फोटो कुणाला पाठवायचा तर आधी कॉम्प्युटर शोधा, मग ते टिकणार कसे. लेन्स बदलता येणारे कॅमेरे मात्र टिकले, फक्त त्यांचंही आतलं रूप बदललं, आरसावाला डीएसएलआर मागे पडून बिनआरशाचे मिररलेस आले, कॅनन आणि निकॉन दोघांनी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) मिररलेस बाजारात आणले ते २०१८ ला, सोनी त्यांच्या आधी २०१३ पासूनच त्यात होती. गंमत म्हणजे आता कॉलेजची पोरं कपाटातले तेच जुने छोटे कॅमेरे बाहेर काढतायत, फोटो "वेगळा दिसतो" म्हणून, आणि २०२४ चा फुजीफिल्मचा एक्स १०० सहा हा छोटा कॅमेरा मिळवायला लोक कितीतरी महिने रांगेत होते. असो, फॅशनचं गणित वेगळं.

पहिलं काम पैसे न लागणारं. फोनची गॅलरी उघडा आणि मागच्या एका वर्षाचे फोटो वरून खाली बघत जा. स्क्रीनशॉट, बिलं, आधार कार्डाचे फोटो, शुभ सकाळ वगैरे सोडून द्या. राहिलेल्यांत काय आहे? माणसं जवळून, जेवणाची ताटं, देवळं, डोंगर, घरचा गणपती, मूल, मांजर. यातला प्रत्येक फोटो वर सरकवला की खाली माहिती उघडते (काही फोनात तीन टिंबं दाबून डिटेल्समध्ये जावं लागतं), तिथे लेन्सचा मिलिमीटरमध्ये आकडा असतो (जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), शटरचा वेग असतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) असतो. तुमचे बहुतेक फोटो मेन कॅमेऱ्याने, १x वर आणि बऱ्या उजेडात काढलेले निघाले तर नवीन कॅमेऱ्याने तुमच्या आयुष्यात फारसा फरक पडणार नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. पण झूम करकरून फाटलेले, हललेले, शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून काढलेले असे बरेच निघाले आणि ते बघून प्रत्येक वेळी चुकचुकायला होत असेल तर पुढचं नीट वाचा.

आता थोडं गणित, पण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. साधारण डीएसएलआर किंवा स्वस्त मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर ३३० ते ३७० च्या आसपास. आणि चांगल्या महागड्या फोनमधला १/१.३ इंची म्हणतात तो सुमारे ७० चौरस मिमी. म्हणजे एपीएस-सी पाचपट मोठा, मग फोन त्याच्या वाटेला जातो तरी कसा? दोन कारणं आहेत. एक म्हणजे लेन्स. फोनची लेन्स एफ/१.८ किंवा त्याच्या आसपास उघडी असते (एफनंतरचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी) आणि कॅमेऱ्याबरोबर फुकटात येणारी १८-५५ किट लेन्स एफ/३.५ ते ५.६. सेन्सरच्या मापाचा हिशोब धरून दोघांना एका पातळीवर आणलं तर फोन पडतो साधारण एफ/६.४ ला, आणि किट लेन्सवाला कॅमेरा १८ मिमीला एफ/५.३ वर आणि ५५ मिमीला चक्क एफ/८.४ वर. वाचताय ना? झूम केलेल्या किट लेन्समधून आत येणारा एकूण उजेड फोनच्या मेन कॅमेऱ्यापेक्षा कमी भरतो. नवीन कॅमेरा घेतल्यावर घरातले फोटो फोनपेक्षा वाईट येतायत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं. कॅमेरा चांगला असतो, पुढची लेन्स त्याच्या लायकीची नसते.

दुसरं कारण सॉफ्टवेअर. तुम्ही बटण एकदा दाबता पण फोन त्या वेळात अनेक फोटो काढतो, बरेचसे तर बटण दाबायच्या आधीचेच मेमरीत घेऊन ठेवलेले असतात, ते सगळे एकमेकांवर नीट बसवून, नॉइज म्हणजे ते दाणेदार ठिपके सरासरीत मारून टाकून, उजळ भाग एकातून आणि अंधारा भाग दुसऱ्यातून उचलून एक फोटो तयार करतो. २०१८ ला पिक्सेलवर नाईट साईट आलं तेव्हा अंधारात हातात धरून असला फोटो निघतो यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता, आता बऱ्यापैकी प्रत्येक फोनात नाईट मोड असतो. पण ही युक्ती नीट चालायला एक अट आहे, समोरचं दृश्य त्या सगळ्या फोटोंमध्ये साधारण तसंच राहिलं पाहिजे. डोंगर राहतो. देऊळ राहतं. ढोल वाजवणारा हात राहत नाही. आपल्या सगळ्या चाचण्या याच एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

चाचणी करताना घरात किंवा मित्राकडे कुठलाही लेन्स बदलणारा कॅमेरा असेल तर शेजारी ठेवा, नसेल तरी चालेल, फोनची हद्द कळणं हा मुख्य हेतू.

झूमपासून सुरुवात करा. गच्चीवर जा, दुपारच्या चांगल्या उजेडात, लांबचा एखादा फलक किंवा दुकानाची पाटी निवडा ज्यावर मोठी आणि बारीक दोन्ही अक्षरं आहेत. १x, २x, ३x, ५x, १० x असे फोटो घ्या आणि मग स्क्रीनवर मोठे करून बघा की बारीक अक्षरं कुठपर्यंत खरी वाचता येतात आणि कुठून पुढे ती नुसती रंगवल्यासारखी दिसायला लागतात. ती तुमच्या फोनची खरी हद्द, जाहिरातीत १०० x लिहिलेलं असलं तरी. आता हीच चाचणी संध्याकाळी दिवेलागणीला परत करा आणि या वेळी एक उद्योग करा: फोटो काढताना मागच्या टेली लेन्सवर (लांबचं टिपणारी वेगळी लेन्स) बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर फोन खरंच टेली वापरतोय. झाली नाही, चित्र तसंच दिसत राहिलं, तर फोन तुम्हाला ३x सांगून मेन कॅमेऱ्याचाच मधला तुकडा कापून देतोय. उजेड कमी झाला किंवा वस्तू फार जवळ आली की बरेच फोन गुपचूप हे करतात, कारण टेलीचा सेन्सर अजून छोटा असतो. आतल्या समारंभात ३x वर काढलेले फोटो लोण्यासारखे गुळगुळीत का येतात त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

जाता जाता चंद्राचा फोटोही काढून बघा. २०२३ ला एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला आणि फोटोत खड्डे-डाग स्पष्ट उमटले, मुळात जे स्क्रीनवर नव्हतेच ते. बराच गदारोळ झाला. कंपनीने मग समजावलं की चंद्र ओळखून त्यातला तपशील एआय वाढवतं आणि सीन ऑप्टिमायझर ही सेटिंग बंद केली की ते थांबतं. मला स्वतःला यात मोठं पाप वाटत नाही, चंद्र काय रोज तोच दिसतो, पण तुम्ही पक्ष्याचा फोटो काढून त्याची जात पिसांवरून ओळखणार असाल तर पिसं खरी हवीत की नको?

दुसरी चाचणी रात्री, घरात, ट्यूबलाईटखाली. घरातल्या कुणालातरी खोलीत येरझाऱ्या घालायला लावा, लहान मूल असेल तर सांगायचीही गरज नाही. ऑटो मोडवर ८-१० फोटो काढा. चेहरा पुसट, हात गायब, किंवा चेहरा शार्प पण मेणाच्या पुतळ्यासारखा, यापैकी काहीतरी मिळेल. मग प्रो मोडमध्ये जा, शटर १/२५० करा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि परत काढा. हालचाल थांबेल पण फोटोवर दाणे येतील, आणि काही वेळा फोटोवर आडवे काळे पट्टेही येतील. हे पट्टे बघून फोन बिघडला समजू नका, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. व्हिडिओलाही हाच नियम, सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ असा पर्याय असेल तर तो लावून ठेवा. तर आता १/१०० ला चालणारं माणूस बऱ्यापैकी थांबतं, नाचणारं थांबत नाही. हाच प्रयोग एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावून केला तर फोनच्या साधारण पाचपट उजेड आत येतो आणि तिथे फरक डोळ्याला झोंबण्याइतका दिसतो. किट लेन्सने केला तर दिसणार नाही, वरचं गणित आठवा.

तिसरी पोर्ट्रेट मोडची. २०१६ ला आयफोन ७ प्लसवर हा प्रकार आला आणि तेव्हापासून मागचं धूसर केलं की कॅमेऱ्यासारखा फोटो अशी समजूतच झाली आहे. फोन काय करतो, माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज बांधतो आणि मग मागचं पुसतो. अंदाज कुठे चुकतो ते बघायचं तर नऊवारी, नथ, गजरा आणि चष्मा असलेली मावशी किंवा आजी समोर बसवा, यापेक्षा कठीण परीक्षा फोनसाठी कुणी बनवलेली नाही. नथीच्या तारेच्या आतली जागा, गजऱ्याची टोकं, चष्म्याच्या काचेतून दिसणारी मागची भिंत, कानामागचे सुटे केस, हे सगळं मोठं करून बघा. व्हॉट्सॲपच्या डीपीएवढ्या आकारात काहीच कळणार नाही आणि डीपीपुरतंच हवं असेल तर मग विषयच मिटला. फ्रेम करून भिंतीवर लावायचा असेल तर मात्र ती नथ रोज खुपेल.

चौथी चाचणी कॅमेऱ्याची जिरवणारी आहे. खिडकीकडे पाठ करून कुणालातरी बसवा, बाहेर लख्ख ऊन. फोन चेहराही दाखवेल आणि बाहेरचं झाडही. कॅमेऱ्यातून थेट तयार निघणाऱ्या जेपेग फोटोमध्ये एकतर चेहरा काळा नाहीतर झाड पांढरंफटक. कॅमेऱ्यातही हे साधतं, पण रॉ फाईल (सेन्सरची कच्ची माहिती) काढा, लॅपटॉपवर घ्या, शॅडो म्हणजे अंधारे भाग उचला, एवढं सगळं करण्याची तुमची तयारी आहे का हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. नसेल तर ५०,००० वाचले.

या चार चाचण्यांनंतर साधारण कळतंच, तरी काही नेहमीची ठिकाणं सांगतो. कासच्या पठारावरची फुलं, सप्टेंबरात, जमिनीलगत बसून: फोन उत्तम, उलट अल्ट्रावाईडने (सगळ्यात रुंद दिसणारी लेन्स) अगदी जवळ जाऊन काढलेला मॅक्रो आणि मागे पसरलेलं पठार असा फोटो कॅमेऱ्याने काढायला वेगळी लेन्स लागते (फुलांत बसू नका, पायवाटेवरूनच). किल्ले, घाट, धबधबे, पाऊस: फोन, आणि तोही पाण्याचं रेटिंग असलेला, पावसात साधा कॅमेरा काढायला छातीच लागते. वारी: दोन्ही, पण गर्दीत माणसं फोनसमोर मोकळी असतात, मोठी लेन्स रोखली की सावरून बसतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो: फोन विसरा, नावेतून काढायचे तर ४०० मिमीच्या पुढचीच भाषा, आणि फोनचा ५x म्हणजे कसाबसा १२० मिमी. ताडोबाचा तर प्रश्नच नाही, तिथे कोअर म्हणजे आतल्या मुख्य जंगलात पर्यटकांना मोबाईल वापरायलाच बंदी आहे, तेव्हा वाघाचा फोटो हवा तर कॅमेरा लागणारच, विकत नाहीतर भाड्याने. स्टेजवरचं नाटक, भरतनाट्यम, शाळेचं गॅदरिंग, इनडोअर बॅडमिंटन: कॅमेरा. क्रिकेटही, म्हणजे बाउंड्रीबाहेरून काढणार असाल तर. व्हिडिओ हातात धरून, चालता चालता: बहुतेकांसाठी फोनच, त्याचं स्थिरीकरण फार पुढे गेलंय, खर्च करायचाच तर एका कॉलर माईकवर करा.

तर समजा निकाल फोनच्या बाजूने लागला. मग आहे त्या फोनकडून नीट काम करून घ्या. काच पुसा, हे इतकं फालतू वाटतं की कुणी करत नाही, पण बोटांचं तेल लागलेल्या लेन्समुळे रात्री प्रत्येक दिव्याला लांब शेपटी फुटते आणि लोक म्हणतात फोन जुना झाला. मऊ सुती कापड पुरे. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करा. ब्यूटी, स्मूदनिंग जे काय नाव असेल ते शून्यावर आणा. ५०, १०८, २०० मेगापिक्सेलचा मोड फक्त भर उन्हात, स्थिर दृश्याला वापरा, बाकी वेळ नेहमीचा १२ च चांगला, कारण त्यात शेजारचे ४, ९ किंवा १६ पिक्सेल एकत्र करून एक बनतो आणि दाणे कमी होतात. माणसाचा चेहरा १x वर जवळ जाऊन काढू नका, नाक मोठं आणि कान आत गेलेले येतात, दोन पावलं मागे व्हा आणि २x किंवा ३x वापरा. ग्रुप फोटोला अल्ट्रावाईड लावायचा मोह होतो, सगळे मावतात म्हणून, पण कडेला उभे असलेले काका-काकू आडवे ताणले जातात आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. शक्य असेल तर मागे जा आणि १x च ठेवा.

सगळ्यात उपयोगाची सवय एक्स्पोजर हाताने कमी करण्याची. गणपतीचा फोटो घ्या, मुकुट सोनेरी, मागे लायटिंग, समोर समया. ऑटोवर मुकुट पांढरा पडतो. मुकुटावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतात, मग बोट खाली सरकवून थोडं काळोखं करा. स्क्रीनवर जरा अंधार वाटला तरी चालेल, फोनच्या फोटोत अंधारातला तपशील नंतर उचलता येतो पण जळून पांढरं झालेलं परत येत नाही. हे स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये अर्ध्या मिनिटात होतं. नाईट मोडला फोन कठड्यावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाचा धक्काही वाचतो. पळणाऱ्या पोरांना बर्स्ट (लागोपाठ भराभर फोटो), म्हणजे बटण दाबून धरा किंवा ओढून धरा, कंपनीप्रमाणे वेगळं असतं. आणि पोरांना अंगणात घेऊन जा, उजेड हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे.

आता निकाल कॅमेऱ्याच्या बाजूने लागला असेल तर. पैसे बॉडीवर (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) कमी आणि लेन्सवर जास्त घाला, हे प्रत्येकजण सांगतो आणि दुकानात गेल्यावर प्रत्येकजण उलटं करतो कारण बॉडीवर मेगापिक्सेल लिहिलेले असतात. घरातली माणसं आणि समारंभ यांसाठी घेत असाल तर ५० किंवा ३५ मिमी एफ/१.८, पक्षी-प्राण्यांसाठी लांब झूम, आणि दोन्ही हवंय पण बजेट एकाचंच असेल तर लांब झूम सफारीपुरती भाड्याने आणा, पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यावर लेन्स मिळतात.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड डीएसएलआर हा सध्या खरंच चांगला सौदा आहे, सगळे मिररलेसकडे पळाल्यामुळे भाव पडलेत आणि फोटो काही खराब झालेले नाहीत. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा ओळखीतून घ्या, पण समोर बसून तपासून घ्या. शटर काउंट म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत ते विचारा, एंट्री लेव्हलच्या, म्हणजे स्वस्तातल्या बॉडीचं शटर साधारण १ लाख फोटोंसाठी धरलेलं असतं, निकॉनच्या फोटो फाईलमध्येच हा आकडा सापडतो, कॅननच्या बऱ्याच बॉडीत तो तसा सहज मिळत नाही. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते पण भावात धरा. लेन्स बॉडीतून काढून एका टोकाने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, तेव्हा लेन्स कितीही स्वस्त असली तरी टेबलावर ठेवून चहा पिऊन निघून या. आणि एक हमखास फसगत: निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी लेन्स त्यावर लागते पण ऑटोफोकस होत नाही. एएफ-एस लिहिलेली बघा, तिच्यात मोटर लेन्समध्येच असते. नवीन घेताना खूपच स्वस्त भाव सांगितला तर जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते आधी विचारा, ग्रे मार्केटचा (अधिकृत विक्रेत्याकडून न आलेला) माल बिघडला की सर्व्हिस सेंटर हात वर करतं.

कॅमेरा घरी आला की त्याचा खरा शत्रू फोन नाही, आपली हवा आहे. मुंबई, कोकण, गोवा, पावसाळ्याचे चार महिने, फोमच्या बॅगेत कपाटात ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला दिलेलं आमंत्रण. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टाका, काटा ४०-५० च्या मध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. एसी गाडीतून एकदम बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू दे. आणि वापरा हो, महिन्यातून दोनदा तरी, पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी आधी लागते.

कॅमेरे कपाटात पडून राहतात त्याचं अजून एक कारण म्हणजे फोटो बाहेर काढायचा कंटाळा. कंपन्यांची वायफायवाली ॲप असतात, चालली तर चालली. त्यापेक्षा टाईप-सी कार्ड रीडर घ्या, काही शे रुपयांत येतो, कार्ड थेट फोनला लावा आणि समारंभ संपायच्या आत फोटो ग्रुपवर. पाठवताना व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेत तर त्यांची चटणी होते, एचडी निवडलंत तरी थोडे दाबलेच जातात, मूळ फाईल हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रिंटची काळजी नको, १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, ३०० डीपीआयने साधारण १३ बाय १० इंच निघतो, म्हणजे फोनचा असो नाहीतर कॅमेऱ्याचा, ए४ आरामात.

दोन्ही बरोबर नेणार असाल, आणि मोठ्या समारंभाला मी तेच सांगेन, तर निघायच्या आधी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन तारीख-वेळ फोनशी जुळवून घ्या, सेकंदापर्यंत नाही तरी मिनिटापर्यंत. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जाऊन बसतं, आणि मग सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले की मुंजीच्या पंगती आधी उठतात आणि मंगलाष्टकं त्यानंतर होतात.